यंत्रातलं पिल्लू अंड्यात अडकलं तर हात कधी आणि कसा लावायचा

रात्री दहाला अंड्यावर पहिला तडा दिसतो. आतून चिवचिव ऐकू येते, घरातली पोरं अंडी उबवायच्या यंत्राच्या काचेला नाक लावून बसतात. सकाळी उठून बघावं तर तडा तेवढाच. दुपारीही तेवढाच. शेजारच्या अंड्यातलं पिल्लू बाहेर येऊन वाळलंसुद्धा, आणि हे मात्र तिथंच आहे. आपले हात शिवशिवायला लागतात.

माझ्या पहिल्या बॅचला मी सहा तास थांबले होते. पहाटे चारला झाकण उघडलं आणि नखानं कवचाचे तुकडे काढायला घेतले. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याखाली एक लाल रेघ आली. मला वाटलं जरासं खरचटलं असेल. ती रेघ थांबेना. उजाडायच्या आत पिल्लू गेलं. ते दुबळं नव्हतं. अजून दहा-बारा तास त्याला हात लावला नसता तर ते आपलं आपण बाहेर आलं असतं, हे मला नंतर कळलं. ज्यांनी नुकतंच घरी चाळीस-पन्नास अंड्यांचं छोटं यंत्र आणलं आहे त्यांच्या हातून हीच चूक होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आत काय चालू असतं

कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. आधी दिवस नीट मोजा, कारण निम्मे घोटाळे इथंच होतात. अंडी ठेवली तो दिवस धरायचा नाही. सोमवारी संध्याकाळी ठेवली तर मंगळवारी संध्याकाळी एक दिवस पूर्ण होतो. ज्या वारी ठेवली, तीन आठवड्यांनी त्याच वारी पिल्लं, हा हिशेब सोपा आहे. पहिलाच दिवस मोजून बसलेला माणूस विसाव्या दिवसाला एकविसावा समजतो आणि उगाच घाबरतो.

पिल्लू आत असेपर्यंत नाकानं श्वास घेत नाही. कवचाच्या आतून पांढरा पापुद्रा असतो, त्याला लागून रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पसरलेलं असतं. कवचाच्या छिद्रांतून येणारी हवा हे जाळं रक्तात घेतं. म्हणजे या दिवसांत पिल्लाचं फुप्फुस त्याच्या अंगाबाहेर, कवचाच्या आतल्या बाजूला अंथरलेलं असतं म्हणा. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

एकोणीस-विसाव्या दिवशी पिल्लू अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घुसवतं. बाहेरून काहीच दिसत नाही, पण अंडं कानाजवळ धरलं तर टकटक आणि बारीक चिवचिव येते. इथून फुप्फुसं कामाला लागतात. पोकळीतली हवा थोडीच, ती संपत आली की आत कार्बन डायऑक्साइड वाढतो, मानेचा स्नायू झटके देऊ लागतो आणि चोचीच्या टोकावरच्या बारीक पांढऱ्या काट्यानं कवचाला पहिला तडा जातो. (तो काटा जन्मानंतर काही दिवसांत आपोआप गळतो. चोचीला काही चिकटलंय असं समजून तो खरवडू नका.)

मग पिल्लू गप्प बसतं. नवख्या माणसाला फसवणारा काळ तो हाच. बारा तास, अठरा तास, कधी पूर्ण दिवसभर बाहेरून काहीच बदल दिसत नाही. आत मात्र दोन मोठी कामं चाललेली असतात. पापुद्र्यातल्या जाळ्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत जात असतं, आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. ही दोन्ही कामं संपली की पिल्लू पुन्हा जोर लावतं. बोथट टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरत ते कवच गोल कापत नेतं, टोपी उघडतं आणि पायानं ढकलून बाहेर येतं. हा शेवटचा भाग कधी अर्ध्या तासात उरकतो, कधी चार-पाच तास लागतात.

त्या विश्रांतीच्या वेळात कवच सोललं तर रक्तानं भरलेला पापुद्रा फाटतो. मोठ्या जनावराला एवढंसं रक्त गेल्यानं काही होणार नाही. तीस-पस्तीस ग्रॅमच्या जिवाला पाच-सहा थेंबही फार होतात.

थांबायचं किती

घड्याळ लागतंच, म्हणून पहिला तडा दिसला की त्या अंड्यावर पेन्सिलीनं वेळ लिहा. पेननं नको, शाई कवचातून आत उतरते. पण निर्णय नुसत्या घड्याळावर घ्यायचा नाही. पापुद्रा काय सांगतो ते बघून घ्यायचा.

तड्यापासून चोवीस तास झाले नाहीत, पापुद्रा पांढरा आणि ओलसर आहे, आत हालचाल आहे, अधूनमधून चिवचिव येते, असं असेल तर काहीही करायचं नाही. झाकण उघडायचं नाही. बॅटरी मारायची ती बाहेरूनच. तोंड सारखं उघडझाप करत, चघळल्यासारखं करत असेल तर बलक अजून ओढला जातोय असं मी धरते आणि आणखी थांबते.

चोवीस तास झाले आणि कापायला सुरुवातच नाही, तर अंडं बाहेर काढून तपासा. लक्ष द्या, तपासा म्हणते आहे, सोला म्हणत नाही.

चोवीस तासांच्या आतही जवळून बघायची वेळ येते ती दोन परिस्थितींत. एक, तड्यातून दिसणारा पापुद्रा पिवळट-तपकिरी पडून जुन्या कागदासारखा कोरडा झाला आहे. तो पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो, त्यामुळे पिल्लाला फिरता येत नाही, कितीही जोर असला तरी. दोन, कापायला सुरुवात झाली, पाव किंवा निम्मा वेढा झाला, आणि मग तीन-चार तास काहीच नाही. कापायला लागलेलं पिल्लू सहसा तयार झालेलं असतं. ते थांबलं म्हणजे चिकटलं तरी आहे किंवा दमलं तरी आहे.

आवाजही ऐका. भुकेलं पोर रडावं तसा मोठा, सारखा आवाज चांगला. तो क्षीण होत गेला, दोन आवाजांतलं अंतर वाढत गेलं, की माझं लक्ष त्या अंड्यावरून हलत नाही.

एक गोष्ट मात्र झाकण उघडण्याआधी मनाशी ठरवा. यंत्रात आणखी अंड्यांना तडे गेलेले असतात. एकदा झाकण उघडलं की आतला ओलावा क्षणात उडून जातो, आणि एकाला वाचवायच्या नादात चार पिल्लांचे पापुद्रे वाळतात. माझ्याकडे पिल्लं अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण मीच वारंवार उघडलेलं झाकण होतं. वाळलेली पिल्लं लगेच बाहेर काढायची घाई करू नका. पोटातला बलक त्यांना दोन-तीन दिवस पुरतो, चोवीस तास ती आत राहिली तरी उपाशी मरत नाहीत.

तयारी

सगळं हाताशी असल्याशिवाय अंडं बाहेर काढायचं नाही. बोथट टोकाचा चिमटा, कापसाच्या कानकाड्या, मोबाइलची बॅटरी, उकळून कोमट केलेलं पाणी, वाटीभर कोमट खोबरेल तेल, बेटाडीन, स्वच्छ मऊ फडकं. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवा. तेलाऐवजी व्हॅसलीन चालतं. नुसत्या पाण्यानं पापुद्रा भिजतो, पण पाणी दहा मिनिटांत उडतं आणि पापुद्रा पहिल्यापेक्षा जास्त आवळतो. तेल टिकतं. शिवाय तेल लावलेला पापुद्रा पारदर्शक होतो आणि खालच्या रक्तवाहिन्या दिसतात, हा त्याचा मोठा फायदा.

हे काम मी न्हाणीघरात करते. दोन बादल्या कढत पाणी ओतून दार लावून घेतलं की पाच मिनिटांत वाफेनं खोली उबदार आणि दमट होते. पंखा, कूलर, उघडी खिडकी यांच्यासमोर हे काम करू नका. हात साबणानं धुवा, आधीही आणि नंतरही. कोंबड्यांच्या अंगावरून साल्मोनेला या जंतूची लागण माणसाला होऊ शकते.

यंत्रात परत ठेवताना आतला ओलावा भरून काढायला कोमट पाण्यात भिजवून पिळलेला एक स्पंज तयार ठेवा.

एका अंड्याची गोष्ट, पायरी पायरीनं

गेल्या एप्रिलातलं एक अंडं सांगते, म्हणजे वेळेचा अंदाज येईल. आम्ही माणदेशातले, एप्रिलात इथली हवा इतकी कोरडी असते की धुतलेलं धोतर तासाभरात वाळतं.

मंगळवारी पहाटे पाचला तडा दिसला. दुपारी मी तीनदा झाकण उघडलं होतं, ती चूक माझी. रात्री नऊला बॅटरी मारली तर छिद्राशी पापुद्रा पिवळा पडून वाळलेला. तडा जाऊन सोळाच तास झाले होते, म्हणून सोललं काही नाही. अंडं काढलं, चोच आणि नाकपुड्या सोडून दिसणाऱ्या पापुद्र्याला कानकाडीनं तेलाचा हात दिला, ओला स्पंज आत ठेवला आणि झाकण लावलं. तेल फक्त पापुद्र्याला लावायचं. कवचाला फासलं तर छिद्रं बुजतात आणि जी थोडी हवा मिळते तीही बंद होते. नाकपुडीत तेलाचा थेंब गेला तर पिल्लू गुदमरतं, म्हणून कानकाडी निथळून घ्यायची.

बुधवारी सकाळी सात. सव्वीस तास, कापणं सुरू नाही, आवाज बारीक. आता न्हाणीघरात नेलं.

पहिली फेरी श्वासाची. छिद्राच्या कडेचे कवचाचे तुकडे चिमट्यानं बाहेरच्या बाजूला उचकटून छिद्र वाटाण्याएवढं केलं. आत दाब द्यायचा नाही. चोच मोकळी आहे, नाकपुड्यांवर काही चिकटलेलं नाही, हे बघितलं. पुष्कळदा एवढंच पुरतं आणि पुढचं पिल्लू करतं.

मग अंड्याच्या बोथट टोकाला बॅटरी लावून हवेच्या पोकळीची कड पाहिली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. या रेघेच्या वर, म्हणजे पोकळीच्या भागात, कवच काढणं त्यातल्या त्यात सुरक्षित असतं, कारण तिथं कवच आणि आतला पापुद्रा यांच्यामध्ये हवा असते. रेघेच्या खाली हात न्यायचा नाही. छिद्रापासून सुरुवात करून पिल्लू ज्या दिशेनं कापतं त्याच दिशेनं, बोथट टोकाकडून पाहता घड्याळाच्या उलट, एकेक तुकडा काढत गेले. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, मग बघायचं, मग पुढचा.

टोपी निघाल्यावर खालचा पांढरा पापुद्रा उघडा पडला. त्याला कोमट तेल लावलं. अर्ध्या मिनिटात तो पारदर्शक झाला आणि एका बाजूला शेवग्याच्या फांदीसारखी फुटलेली लाल शीर दिसली. बस. तिथं थांबले. शीर भरलेली आहे म्हणजे पिल्लू तयार नाही, तडा जाऊन कितीही तास झालेले असोत. सात वाजून वीस मिनिटांनी अंडं परत यंत्रात.

कवच काढताना रक्ताचा ठिपका आलाच तर त्या जागेवर स्वच्छ कापूस हलकेच टेकवून धरा, पुसू नका. थांबल्यावर अंडं लगेच आत ठेवा आणि किमान पाच-सहा तास त्याचं नाव घेऊ नका. तेवढ्यावरून पिल्लू जातंच असं नाही. रक्त दिसूनही पुढे सोलत राहिलं की जातं.

दुपारी एकला शीर फिकी, दोऱ्याएवढी उरली होती. पुन्हा तेलाचा हात, पुन्हा आत. संध्याकाळी पाचला पापुद्रा सगळीकडे कोरा दिसला. आता चोचीपाशी पापुद्र्याला फाट दिली आणि तो डोक्यावरून हळू मागे सारला. डोकं सहसा उजव्या पंखाखाली दुमडलेलं असतं. बोटानं मान ओढायची नाही. पापुद्र्याचा ताण गेला की पिल्लू स्वतःच डोकं उचलतं. नाही उचललं तर पंखाच्या कडेखाली कानकाडी सरकवून जरा वाट करून द्यायची.

आणि इथं, अगदी शेवटी, सगळ्यात जास्त मोह होतो. डोकं बाहेर आलं, मान बाहेर आली, आता एक हिसका दिला की सुटलं. नाही. धड खालच्या अर्ध्या कवचातच राहू द्यायचं. बेंबी तिथं आहे, बलकाचा शेवटचा भाग कदाचित अजून आत जायचा आहे. बाहेर पडायची लाथ पिल्लालाच मारू द्यायची. मी ते अर्ध्या कवचासकट यंत्रात ठेवलं. आठ वाजायला वीस मिनिटं असताना ते स्वतः निसटून बाहेर आलं. तडा पडल्यापासून साडेअडतीस तास झाले होते आणि त्यातला माझ्या हातातला वेळ सगळा मिळून पाऊण तासही नव्हता.

बारीक टोकाला तडा, किंवा तडाच नाही

कधी चोच बारीक टोकाकडे बाहेर येते. म्हणजे पिल्लू आत उलटं बसलेलं आहे. अशा पिल्लाला हवेची पोकळी मिळालेली नसते, त्यानं थेट बाहेरच्या हवेत पहिला श्वास घेतलेला असतो. इतर पिल्लं पोकळीत जो वेळ काढतात तो याचा तड्यानंतर सुरू होतो, म्हणून याला जास्त थांबावं लागतं. चोवीस तासांऐवजी तीस-छत्तीस. श्वासाचं छिद्र उघडं आहे ना, पापुद्रा ओला आहे ना, एवढं राखायचं. यातली कित्येक आपली आपण बाहेर येतात. मदत करायची वेळ आलीच तर सुरक्षित टोपी इथं नसते. रक्तवाहिन्या थेट कवचाखाली असतात, म्हणून तुकडे आणखी बारीक आणि थांबे आणखी लांब.

दुसरी परिस्थिती, पोकळीत चिवचिव ऐकू येऊन पूर्ण दिवस झाला पण बाहेर तडाच नाही. बॅटरीवर बघा. पोकळीत चोचीची सावली हलताना दिसली तर पोकळीच्या अगदी माथ्यावर, चोचीपासून लांब, उकळून घेतलेल्या दाभणाच्या टोकानं फिरवत फिरवत एक बारीक छिद्र पाडा. ठोकायचं नाही. त्यातून हवा आत जाते आणि पिल्लाला आणखी वेळ मिळतो. पोकळीत सावलीच नसेल तर छिद्र पाडू नका, पिल्लाची चोच अजून पोकळीत आलेलीच नाही.

अंडं पाण्यात तरंगवून जीव आहे का बघायची पद्धत काही जण सांगतात. ज्या अंड्याला केसाएवढाही तडा आहे ते पाण्यात घातलं तर पिल्लू बुडतं. मी ती पद्धत वापरत नाही, बॅटरी पुरते.

बाविसावा दिवस उजाडला आणि कुठंच काही नाही, तर मधे वीज किती वेळ गेली होती ते आठवा. तापमान अर्ध्या अंशानं कमी राहिलं असेल किंवा दोन-तीनदा वीज गेली असेल तर पिल्लं एखादा-दीड दिवस मागं पडतात. यंत्र तेविसाव्या दिवसापर्यंत चालू ठेवा.

बाहेर आल्यावर

मदतीनं निघालेलं पिल्लू ओलंगिच्च, मान टाकलेलं आणि मानेच्या मागं सुजल्यासारखं दिसतं. मानेवरची सूज त्या जोर लावणाऱ्या स्नायूची आहे, एक-दोन दिवसांत उतरते. त्याला यंत्रातच वाळू द्या. अंगाला कवच चिकटलं असेल तर कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून काढा, बेंबीजवळचं मात्र राहू द्या, ते वाळून पडतं. बेंबीला बेटाडीनचा एक थेंब लावा.

बलकाचा गोळा बेंबीबाहेर दिसत असेल तर तो दाबून आत घालायचा प्रयत्न करू नका. स्टीलच्या वाटीत ओला मऊ कागद घालून पिल्लू त्यात बसवा आणि वाटीसकट यंत्रात ठेवा. त्याची हालचाल कमी होते आणि बाकीची पिल्लं त्या गोळ्यावर चोच मारत नाहीत. काहींचा गोळा काही तासांत आत जातो. ज्यांचा फुटतो ती जगत नाहीत, आणि त्यात तुम्ही आणखी काही करायला हवं होतं असं मनाला लावून घेऊ नका.

बराच वेळ अडकलेल्या पिल्लाचे पाय फाकतात. वर्तमानपत्रावर ठेवलं तर आणखी फाकतात, कागद घसरतो. खाली गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला. पाय फाकलेलेच राहिले तर चिकटपट्टीच्या बारीक पट्टीनं दोन्ही पायांत उभं राहायला लागेल तेवढं अंतर ठेवून सैल बांधा. पहिल्या दोन दिवसांत बांधलं तर दोन-तीन दिवसांत पाय सुधारतात, आठवड्यानं बांधून उपयोग नाही.

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या पेटीत, पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तापमापकापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी, कडेला पळून चोच उघडी टाकली तर गरमी. पहिलं पाणी कोमट आणि पिल्लाची चोच स्वतः बुडवून दाखवून. आमच्याकडे पहिल्या दिवशी गुळाचं पाणी देतात, मीही देते, पण फक्त पहिला दिवस. नंतर साधं स्वच्छ पाणी आणि मक्याचा बारीक भरडा, मग लहान पिल्लांचं तयार स्टार्टर खाद्य. मदतीनं निघालेलं पिल्लू पहिला दिवस इतरांपासून वेगळं, पण त्यांचा आवाज ऐकू येईल असं ठेवा. मानमोडी रोगावरच्या लासोटा लसीचा डोस पाचव्या ते सातव्या दिवशी इतरांबरोबरच द्या. मानमोडीला अशक्त पिल्लू आधी बळी पडतं.

खरं कारण पहिल्या अठरा दिवसांत

एखादं पिल्लू अडकणं समजू शकतं. एका बॅचला पाच-सहा अडकली तर यंत्रात काही चुकतं आहे.

अंडं उबताना त्यातलं पाणी उडायला हवं. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटलं पाहिजे. दहा अंडी ठेवताना ४५० ग्रॅम भरली तर अठराव्या दिवशी साधारण ३९१ ते ४०० ग्रॅम भरावीत. किराणा मोजायचा साधा डिजिटल काटा याला पुरतो. पाणी जास्त उडालं तर पापुद्रे आवळतात. कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होतं, फिरायला जागा उरत नाही आणि तडा जाताच चोचीतोंडाशी चिकट पाणी येऊन ते गुदमरतं. माणदेशातल्या एप्रिलात माझी पिल्लं आवळतात आणि चिपळूणच्या माझ्या मामेबहिणीची जुलैत बुडतात. यंत्र दोघींचं एकच आहे, माहितीपुस्तिकाही तीच. तिला पावसाळ्यात पहिले अठरा दिवस यंत्रात पाणीच घालायला नको, मला उन्हाळ्यात यंत्रातल्या पाण्याच्या दोन्ही पन्हाळी भरून वर स्पंज लागतो. म्हणून पुस्तिकेतला आकडा डोळे झाकून धरू नका. काटा काय सांगतो ते बघा.

ढोबळ आकडे असे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सियस, पहिले अठरा दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, दिवसातून किमान तीनदा अंडी फिरवायची. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० वर, हवेची छिद्रं उघडी, झाकण बंद. फिरवण्यात हयगय झाली तर पिल्लू पापुद्र्याला चिकटतं आणि उलटं बसण्याचं प्रमाणही वाढतं.

यंत्रासोबत आलेल्या आर्द्रतामापकावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात ते ओलं होईल पण विरघळणार नाही एवढे पाण्याचे थेंब घाला, आणि झाकण व मापक दोन्ही हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. मापकानं ७५ टक्के दाखवायला हवेत. माझा ६३ दाखवत होता. दोन बॅच मी बारा टक्क्यांच्या चुकीवर चालवल्या.

उन्हाळ्यात आणखी एक धोका आहे. यंत्राला तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली चाळीस अंशांवर गेली की आतलं तापमानही तिच्यामागं जातं. घरातल्या सगळ्यात आतल्या, थंड खोलीत यंत्र ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये तर मुळीच नको. उबवायची अंडीही उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त साठवू नका आणि बोथट टोक वर करून ठेवा.

बॅच संपली, यंत्र बंद केलं, की उरलेली अंडी तशीच उकिरड्यावर टाकू नका. घराबाहेर, उघड्यावर, एकेक फोडून बघा. पूर्ण वाढलेलं पिल्लू, चोच पोकळीत आणि पापुद्रा कोरडा, म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत ओलावा कमी पडला. पूर्ण वाढलेलं पण भोवती पाणी, म्हणजे आधीच्या अठरा दिवसांत ओलावा जास्त झाला. डोकं बारीक टोकाला, म्हणजे अंडी ठेवताना टोक चुकलं किंवा फिरवण्यात खंड पडला. बोटं आत वळलेली, पिसं गाठीगाठीची, म्हणजे आईच्या खाद्यात बी-टू जीवनसत्त्व कमी आहे, ते यंत्रानं सुधारणार नाही. काहीच वाढ नाही, म्हणजे बहुधा फळलेलंच नव्हतं, कोंबडा बघा. प्रत्येक अंड्यावर कोणत्या कोंबडीचं ते पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर वहीत तिच्या नावापुढं नोंद करता येते. माझ्याकडच्या एका तांबड्या कोंबडीची तीन बॅचमध्ये चार पिल्लं अडकली. तिला शिंपल्याचा चुरा आणि हिरवा पाला वाढवून दिला आहे, आणि पुढच्या बॅचला तिची अंडी वेगळ्या ओळीत ठेवणार आहे.